डिस्चार्ज कार्डावरच्या ‘आहार : सर्वसाधारण’बद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक आणि बालशल्यचिकित्सा विभागप्रमुख,
लहान मुलांच्या पोटाच्या शस्त्रक्रिया होतात अशी राज्यातली सर्व शासकीय, महापालिका आणि धर्मादाय रुग्णालयं

स.न.वि.वि.

मुलाच्या जठरावर शस्त्रक्रिया होते, टाके सुकतात आणि डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी दोन शब्द येतात : ‘आहार : सर्वसाधारण’. ज्या मुलाचं जठरच आता सर्वसाधारण राहिलेलं नाही, त्याला सर्वसाधारण आहार कसा चालेल, हे वॉर्डात, ओपीडीत, बैठकांत विचारून झालं. ‘फॉलोअपला बघू’ असं उत्तर मिळतं. फॉलोअप महिन्याने असतो. मुलाची साखर मात्र जेवल्यावर दोन तासांत उतरते. म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे मुलांच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि पोटाची नळी सांभाळणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि अशा मुलांचे पालक. शस्त्रक्रिया नीट होत नाहीत असं आमचं म्हणणं नाही. अन्ननलिका जोडलेलीच नाही अशी जन्मलेली बाळं आज जगतात, ती तुमच्याच हातांमुळे. आमचा संबंध पुढच्या महिन्यांशी येतो. घरी भरवणारी आई, तालुक्याचे डॉक्टर, अंगणवाडी सेविका, या सगळ्यांचे फोन आम्हाला येतात, आणि त्यातले बहुतेक प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी अर्ध्या तासात मिटले असते.

काय होतं ते वाचकांसाठी थोडक्यात. जेवताना जठराचा वरचा फुगीर भाग सैल होऊन अन्नाला जागा देतो. खालचं तोंड, म्हणजे पायलोरस, दळून पातळ झालेलं अन्न थोडं थोडं लहान आतड्यात सोडतं. रिफ्लक्ससाठी, म्हणजे जठरातलं अन्न-आम्ल उलटं अन्ननलिकेत येतं त्यासाठी, केल्या जाणाऱ्या निसेन फंडोप्लिकेशनमध्ये हाच वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला जातो, म्हणजे सैल होणारी जागा आक्रसते. पायलोरोप्लास्टी, म्हणजे पायलोरस रुंद करण्याची शस्त्रक्रिया, केली तर खालचं दार कायमचं किलकिलं राहतं. अन्ननलिकेच्या जागी जठर छातीत ओढून घेतलं, तर वाटेत जठराची हालचाल सांभाळणाऱ्या व्हेगस नसाही तुटतात. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड प्यायलेल्या मुलात पायलोरस आकसून बंद होतो, आणि मग जठर थेट आतड्याला जोडावं लागतं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण यातल्या कशाहीनंतर अन्न आतड्यात एकदम ओतलं जाऊ शकतं. यालाच डम्पिंग म्हणतात.

त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला जेवल्यावर दहा मिनिटांपासून तासाभरात दिसतो. साखरेने दाट झालेलं अन्न आतड्यात पडतं, रक्तातलं पाणी तिकडे ओढलं जातं, पोट फुगतं, कळ येते, संडास पातळ होते, मूल पांढरं पडतं, छाती धडधडते. दुसरा टप्पा एक ते तीन तासांनी येतो. साखर रक्तात झपाट्याने चढलेली असते, तिच्यामागे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर कोसळते. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम, चिडचिड किंवा अचानक गळून झोप, कधी झटका. जेवण झालं की त्रास होतो हे तान्ह्या बाळालाही कळतं. मग ते तोंड मिटून घेतं, आणि घरचे म्हणतात, हट्टी आहे, खातच नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी : साखर कुणी मोजतच नाही. फंडोप्लिकेशननंतर ज्या केंद्रांनी मुलांची जेवणानंतरची साखर नेमाने तपासली, त्यांना दर चार मुलांत साधारण एकाची साखर घसरलेली आढळली. आपल्याकडे उपाशीपोटी एक साखर बघतात, ती ८५-९० येते आणि कागदावर ‘नॉर्मल’ पडतं. डम्पिंगमध्ये उपाशीपोटीची साखर नॉर्मलच असते. मोजायची ती फीडनंतर, म्हणजे तोंडाने किंवा नळीने भरवल्यावर : फीडच्या आधी एकदा, मग अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन तासांपर्यंत. सात पट्ट्या. खर्च दोनशे रुपयांच्या आसपास. अर्ध्या तासाला २०० च्या वर गेलेला आकडा दोन तासांना ६० च्या खाली आला, तर निदानासाठी वेगळं काही शोधत बसायला नको. किरणोत्सारी फीड देऊन जठर किती वेगाने रिकामं होतं ते पाहण्याची सोय मोजक्या शहरांत आहे. ग्लुकोमीटर प्रत्येक वॉर्डात पडलेला असतो.

ही तपासणी करतानाही तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, वेळ. शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात दर दोन तासांनी २०-३० मिली फीड चालू असतं. एवढ्याशा फीडवर साखर हलत नाही, रिपोर्ट चांगला येतो. घरी गेल्यावर तेच फीड १५० मिलीवर जातं आणि खेळ तिथे सुरू होतो. म्हणून तपासणी पूर्ण फीडवर हवी, आणि घरी जे देणार तेच देऊन हवी. डिस्चार्जपर्यंत पूर्ण फीड गाठलं नसेल, तर दोन आठवड्यांनी बोलावून करावी. दोन, बोट. फीड देणाऱ्या हाताला दूध-साखर लागलेली असते. तोच हात बाळाच्या बोटाला लागतो आणि आकडा खोटा वर जातो. बोट साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. तीन, तान्ह्या बाळाच्या रक्तात लाल पेशींचं प्रमाण जास्त असलं की ग्लुकोमीटर चुकतो. म्हणून मीटरवर कमी आलेला आकडा करड्या बुचाच्या फ्लोराइड नळीतून लॅबला पाठवून पक्का करावा, आणि त्याची वाट न बघता उपचार सुरू करावा.

दुसरी तक्रार पहिलीतूनच निघते. फंडोप्लिकेशन झालेल्यांत सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहिलेली मुलं पुष्कळ असतात. त्यांना आधीपासून फिट्सचं औषध चालू असतं. त्यामुळे फीडनंतर दीड तासाने आलेला झटका ‘फिट्स वाढल्या’ म्हणून नोंदला जातो आणि व्हॅल्प्रोएटचा, म्हणजे फिट्सच्या औषधाचा डोस चढतो. झटक्याच्या वेळी साखर पाहिली होती का, ही नोंद कागदावर शोधून सापडत नाही. पाहिली नसेल तर डोस कशाच्या जोरावर वाढवला, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. सिरपचीही एक गंमत आहे, कडू गंमत म्हणा हवं तर. फिट्सचं, कॅल्शियमचं, लोहाचं, जीवनसत्त्वाचं अशी चार गोड सिरपं एकापाठोपाठ नळीतून आत जातात. साखर आणि सिरप गोड करणारं सॉर्बिटॉल यांचा हा दाट डोस स्वतःच डम्पिंग घडवतो. गोळी कुटून देता येणारी आणि साखरविरहित औषधं निवडणं हे डॉक्टरांच्या पेनाचं काम आहे. त्याला वेगळी मंजुरी लागत नाही.

तिसरी : आहाराची सूचना. ‘हलका आहार द्या’, ‘पौष्टिक द्या’, ‘ताकद येईल असं द्या’. यातून घरी काय शिजतं ते ऐका. तांदळाची पातळ पेज, साबुदाण्याची खीर, गूळ घातलेलं नाचणीचं सत्त्व, ग्लुकोजची बिस्किटं दुधात कुस्करून, अंगणवाडीतून आलेलं गोड पाकीट. सगळं प्रेमाने, आणि सगळं डम्पिंगला आमंत्रण. साखर टाकली नाही म्हणजे झालं असंही नाही. पातळ पेज जठरात थांबत नाही, आणि शिजून गळलेल्या तांदळाचं ग्लुकोज व्हायला वेळ लागत नाही. त्यात मूल घामेजून गळालं की शेजारीपाजारी सांगतात, ग्लुकोज पावडर पाजा. पेलाभर ग्लुकोजपाण्याने मूल दहा मिनिटांत टवटवीत होतं, आईची खात्री पटते, आणि त्याच ग्लुकोजने पुन्हा इन्सुलिन उसळून दोन तासांनी मूल परत गळतं. हा फेरा दिवसातून चार वेळा होतो.

सांगायचं ते इतकंच असतं, आणि ते साध्या मराठीत सांगता येतं. सहा ते आठ लहान जेवणं. साखर, गूळ, मध, फळांचे रस, ग्लुकोज पावडर, बिस्किटं बंद. मूगडाळीची घट्टसर खिचडी तूप घालून, वरणात किंवा दह्यात भिजवलेली ज्वारीची-बाजरीची भाकरी, अंडं, पनीर, घट्ट दही, शेंगदाण्याचं बारीक वाटलेलं कूट. जेवणाबरोबर पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने. प्रत्येक जेवणात थोडं तूप किंवा तेल, कारण स्निग्धाने जठर सावकाश रिकामं होतं.

एवढ्याने भागलं नाही तर कच्चं कॉर्नफ्लोअर. ते हळूहळू पचतं आणि साखर तासन्‌तास धरून ठेवतं, पण शिजवलं की तो गुणच जातो. आम्ही पाहतो त्यात निम्म्या घरांत ते दुधात उकळलेलं असतं, कारण कार्डावर फक्त ‘कॉर्नफ्लोअर अ‍ॅड’ लिहिलेलं. कोमट किंवा गार फीडमध्ये, देण्याच्या क्षणी मिसळायचं. ते तळाशी बसतं, म्हणून सिरिंज मधूनमधून हलवायची, नाहीतर नळी तुंबते. दुकानदार मक्याचं पिवळं पीठ देतो, ते नको. पांढरं, बोटांत करकरणारं हवं. वर्षाखालच्या बाळांना स्टार्च पचवणारे पाचक रस पुरेसे नसतात, त्यामुळे त्यांच्यात ते तज्ज्ञाच्या सांगण्याशिवाय नाही, आणि मोठ्यांतही मात्रा वजनावर ठरवून लेखी द्यायची. त्यापुढची पायरी अकार्बोज, म्हणजे पिष्ट आणि साखरेचं पचन मंदावणारं औषध. ते देताना एक वाक्य सांगायचं हमखास राहतं : या औषधावर असलेल्या मुलाची साखर उतरली तर घरातली साखर उपयोगाची नाही, कारण ती फोडणारं पाचकद्रव्यच औषधाने अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोजच लागतं.

चौथी तक्रार नळीची. पोटात नळी बसवलेल्या मुलांना फीड कसं द्यायचं हे आईला दाखवलं जातं, पण किती वेळात ते नाही. दट्ट्या लावून १५० मिली पाच मिनिटांत ढकललं, तर शस्त्रक्रिया न झालेल्या मुलालाही मळमळेल. दट्ट्या काढून, सिरिंज उभी धरून, फीड आपल्या वजनाने उतरू द्यायचं. डम्पिंग असेल तर १५० मिलीला पाऊण तास ते तास, म्हणजे ५० मिलीची सिरिंज रिकामी व्हायला किमान पंधरा मिनिटं. वेग जास्त वाटला तर सिरिंज खाली आणायची, तेवढं पुरतं. फीडिंग पंप बहुतेकांना परवडत नाही. चाकाच्या क्लॅम्पची फीडिंग बॅग परवडते, पण ती रुग्णालयाच्या यादीत नाही म्हणून वॉर्डात ठेवली जात नाही. बॅगेत घरी केलेलं फीड दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, उन्हाळ्यात त्याहून कमी. शेवटी पाण्याने नळी धुवायची. लहान बाळाला ५ मिली, मोठ्याला १० ते २०.

खऱ्या गॅस्ट्रोस्टॉमी नळीऐवजी (पोटातून थेट जठरात बसवायची नळी) लघवीची फोलीज नळी लावून अनेक मुलं घरी येतात. खर्चाचं कारण आम्हाला कळतं. पण मग तिचे दोष तरी सांगा. फोलीजला बाहेरून अडवणारी चकती नसते. जठराची हालचाल आतला फुगा पुढे ओढत नेते आणि तो पायलोरसमध्ये अडकतो, किंवा पार होऊन आतड्यात जातो. अडकला तर उलट्या. पार झाला तर प्रत्येक फीड थेट आतड्यात, म्हणजे नळीनेच घडवलेलं डम्पिंग. ओळखायची खूण सोपी : नळी बाहेरून आखूड दिसते. त्वचेच्या रेषेवर मार्करने खूण करून बाहेरची लांबी कार्डावर लिहिली, तर आई प्रत्येक फीडआधी पट्टीने पाहू शकते. खूण आत गेलेली दिसली तर फीड थांबवायचं, अडेपर्यंत नळी हलकेच बाहेर घ्यायची, पुन्हा चिकटवायची. दुखत असेल किंवा नळी येत नसेल तर रुग्णालय गाठायचं. फोलीजला दोन तोंडं असतात. फुग्याच्या तोंडात फीड भरण्याचे प्रकार होतात, म्हणून त्यावर लाल चिकटपट्टी लावूनच मूल घरी पाठवावं. जठरातल्या आम्लाने फुगा विरतो आणि काही आठवड्यांत नळी गळून पडते. भोक काही तासांत बुजायला लागतं. नळीची वाट जुनी असेल तर त्याच मापाची स्वच्छ नळी घालून नुसती चिकटवायची आणि जागा तपासल्याशिवाय त्यातून काही द्यायचं नाही. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले नसतील तर घरी काहीही न घालता लगेच निघायचं, कारण नवी वाट फाटून नळी जठराबाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. हे कुठल्याही कार्डावर छापलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

पाचवी तक्रार छोटी आहे, पण जिवाशी आहे. घट्ट फंडोप्लिकेशन झालेल्या मुलाला ढेकर येत नाही आणि उलटीही होत नाही. अशा मुलाचं आतडं अडकलं तर उलटी हे नेहमीचं लक्षण दिसतच नाही. नुसते कोरडे उमासे, फुगत जाणारं पोट, पांढराफटक चेहरा. तालुक्याला गॅसचे थेंब मिळतात. नळी असेल तर ती उघडून, सिरिंजची नळकांडी लावून हवा बाहेर सोडायची, फीड बंद. नळीतून हिरवं पाणी आलं किंवा नळीच नसेल, तर थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय. कार्डावर मोठ्या अक्षरांत ‘या मुलाला उलटी होऊ शकत नाही’ एवढं लिहायला काय हरकत आहे?

सहावी : मूल गावी गेलं की तुमच्या नोंदवहीतून संपतं. मुलांची आरोग्यतपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक एएनएम (आरोग्यसेविका) आणि एक औषधनिर्माता असतात, आणि वर्षातून दोनदा ते अंगणवाडीत जातं. म्हणजे मुलापर्यंत पोचणारी यंत्रणा आहे. पण या मुलाचं जठर बदललेलं आहे, हे तिला कुणी कळवत नाही. पथक वजन घेतं, मूल कमी वजनाचं म्हणून नोंदतं आणि पुन्हा तेच गोड पाकीट सुरू. जठराचा भाग काढलेल्या मुलांत बी-१२ कमी पडायला काही वर्षं जातात, कारण यकृतातला साठा तोवर पुरतो. तोपर्यंत फॉलोअप कधीच बंद झालेला असतो, आणि रक्त कमी म्हणून लोहाचं सिरप चालू राहतं.

आमच्या मागण्या अशा.

फंडोप्लिकेशन, पायलोरोप्लास्टी, जठर वर ओढणं, जठर-आतडं जोडणं किंवा जठराचा भाग काढणं यांपैकी काहीही झालेल्या प्रत्येक मुलाची, पूर्ण फीडवर, तीन तासांची साखर तपासणी करावी आणि सातही आकडे कार्डावर लिहावेत. साखर घसरणाऱ्या मुलाच्या घरी ग्लुकोमीटर आणि पट्ट्या द्याव्यात. धर्मादाय निधीला हा खर्च जड नाही.

‘आहार : सर्वसाधारण’ हा शिक्का या मुलांसाठी बंद करावा. त्याजागी आहारतज्ज्ञाच्या सहीचं एक पान असावं : कोणतं फीड, किती मिली, किती वेळात, दिवसातून कितीदा, काय बंद. मराठीत, आणि जिथे गरज आहे तिथे भिली, कोरकू, गोंडीत तोंडी समजावून, आईकडून एक फीड स्वतःच्या हाताने देऊन घेऊनच सही व्हावी.

नळीचं माप, बसवल्याची तारीख, फुग्यातलं पाणी किती मिली आणि बाहेरची लांबी या चार नोंदींशिवाय डिस्चार्ज होऊ नये. पर्यायी नळी सोबत द्यावी.

फिट्सचं औषध वाढवण्याआधी झटक्याच्या वेळची साखर पाहावी, निदान त्याच फीडनंतर पुन्हा मोजावी.

डिस्चार्जची एक प्रत जिल्ह्याच्या बाल स्वास्थ्य पथकाला आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जावी, आणि गोड पाकिटाऐवजी बिनगोड धान्य-डाळ मिळावी असं पत्र त्यासोबत असावं. जठराचा भाग काढलेल्या मुलांना वर्षातून एकदा रक्तातलं हिमोग्लोबिन, लोह आणि बी-१२ साठी बोलावणारी नोंदवही विभागाने ठेवावी.

आणि एक फोन नंबर, जो रात्री उचलला जाईल. तो निवासी डॉक्टरांच्या माथी मारू नये. त्यांची ड्युटी आधीच काय असते ते आम्ही रोज बघतो. प्रशिक्षित परिचारिकेची नेमणूक करावी.

यातल्या पहिल्या चार गोष्टींना शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. विभागप्रमुखांनी ठरवलं तर पुढच्या सोमवारच्या राउंडपासून होतील. आपण काय ठरवता ते लेखी कळवावं, अशी विनंती आहे.

आपले,
मुलांच्या शस्त्रक्रियेनंतरची देखभाल करणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि पालक

ता. क. : पान तयार होईपर्यंत कार्डावर हाताने एवढं तरी लिहावं. ‘जेवल्यावर एक ते तीन तासांत घाम, सुस्ती किंवा थरथर आली तर साखर मोजा. ६० च्या खाली असेल आणि मूल शुद्धीत, गिळू शकत असेल, तर ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात द्या, १० किलोच्या मुलाला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे लहान चमचा पाऊण, पेलाभर नाही. मीटर नसेल तरी एवढं द्यायला हरकत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि लगेच डाळ, दही किंवा अंडं असं सावकाश पचणारं थोडं खायला द्या. मूल बेशुद्ध असेल किंवा झटका चालू असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, कुशीवर वळवा आणि जवळच्या दवाखान्यात न्या. तिथल्या डॉक्टरांसाठी : १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे २ मिली, शिरेतून सावकाश, आणि त्यानंतर ड्रिप चालू ठेवा.’